उगमाचा शोध आणि साक्षीचा धर्म

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे समुद्रकाठचे एक लहानसे गाव. माडांची दाटी, अर्धवर्तुळाकार किनारा आणि पाण्यापासून जवळच शंकराचे जुने देऊळ. गावाला हे नाव कसे पडले असे विचारले, तर वेळ न लावता नवसाला पावणारा ईश्वर तो वेळणेश्वर, असे उत्तर मिळते. उत्तर भक्ताच्या मनातून आलेले आहे आणि ते गोडही आहे. पण संस्कृतात ‘वेला’ या शब्दाचा अर्थ समुद्राचा काठ असाही होतो. याच रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडकडे वेळास नावाचे गाव आहे, तेही समुद्राच्या काठीच. तेव्हा किनाऱ्यावरचा ईश्वर तो वेळणेश्वर, असा दुसरा तर्कही कोणी मांडू शकेल. नाव एकच, अक्षरे तीच. पण एक तर्क माणसाच्या आर्ततेतून निघतो आणि दुसरा भूगोलातून. दोहोंपैकी खरा कोणता, हे नुसत्या नावाकडे पाहून ठरवता येत नाही.

उगमाविषयी असे तर्क करणे हा माणसाचा फार जुना छंद आहे. हाच छंद आज आपल्या घरातील मुले एका वेगळ्याच प्रदेशात जोपासत आहेत आणि वडीलधाऱ्यांना त्याची फारशी कल्पना नसते. तो प्रदेश म्हणजे व्हिडिओ गेममधील जग. सुट्टीत कोकणात उतरलेल्या एखाद्या कुटुंबातील आजी गावच्या जुन्या कथा सांगत असते, तेव्हा नातू मोबाइलच्या पडद्यावर एक भग्न किल्ला न्याहाळत स्वतःलाच विचारीत असतो: हे कोणी बांधले? बांधणारे गेले कुठे? आजीची कथा आणि नातवाचा प्रश्न एकाच कुतूहलातून जन्मलेले आहेत. म्हणून हा विषय ‘पोरखेळ’ म्हणून सोडून देऊ नये. त्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे: ज्याचा पुरता पुरावा हाती नाही अशा उगमाविषयी बोलताना माणसाला कितपत मोकळीक आहे?

प्रथम मुलांचे म्हणणे नीट समजून घेऊ. ‘माइनक्राफ्ट’ नावाचा एक खेळ आहे. स्वीडनमधील मार्कस पर्सन यांनी तो २००९ साली लोकांपुढे आणला, २०११ साली तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो विकत घेतला. त्यात ठोकळ्यांचे एक अफाट जग आहे. खेळणाऱ्याने त्यात खणावे, बांधावे, हिंडावे. कथा म्हणून जवळजवळ काहीच सांगितलेली नाही. मात्र हिंडता हिंडता वाळवंटात पिरॅमिडसारखी देवळे लागतात, जमिनीखाली किल्ले सापडतात, रूळ घातलेल्या ओसाड खाणी दिसतात. बांधणारा मात्र कोठेच दिसत नाही. मग मुले तर्क लढवितात. त्यांचा एक आवडता तर्क असा की, या जगात पूर्वी कुशल बांधकाऱ्यांची एक जमात नांदत होती. ती ‘एंड’ नावाच्या दुसऱ्या लोकात गेली, तेथेच अडकली आणि कालांतराने तिचेच रूपांतर ‘एंडरमॅन’ नावाच्या उंच, काळ्या आकृतींत झाले. याला पुरावा काय? त्या लोकात उगवणारे एक फळ खाल्ले की खेळाडू एका जागेवरून क्षणात दुसऱ्या जागी फेकला जातो. एंडरमॅनही तसेच क्षणात जागा बदलतात. म्हणजे, मुले म्हणतात, त्या जमातीने भुकेपोटी तेच फळ खाल्ले असले पाहिजे!

हा तर्क ऐकून हसू येईल, पण त्यातील शिस्त पाहण्याजोगी आहे. मुलाने खुणा टिपल्या, एका खुणेचा दुसरीशी मेळ घातला आणि त्यावरून एका हरवलेल्या समाजाचे सुखदुःख कल्पिले. जे. आर. आर. टॉल्किन हे इंग्रज कॅथलिक साहित्यिक. परीकथांविषयीच्या १९३९ सालच्या आपल्या व्याख्यानात त्यांनी माणसाला ‘उपनिर्माता’ म्हटले होते. परमेश्वराने आपणास त्याच्या प्रतिमेप्रमाणे घडविले, म्हणून आपणही लहान लहान जगे घडवितो, असा त्यांचा विचार. त्या दृष्टीने खेळाच्या निर्मात्याने मोकळ्या सोडलेल्या जागा कल्पनेने भरणारा मुलगा हा त्या उपनिर्मितीतील भागीदारच होय. त्याला दटावण्याचे कारण नाही.

शिवाय या तर्कांना एक नैसर्गिक मर्यादा आहे. खेळाला निर्माता आहे आणि तो बोलू शकतो. जपानमधील निन्टेन्डो कंपनीच्या ‘झेल्डा’ या १९८६ पासून चालत आलेल्या खेळमालिकेत कोणती कथा आधीची आणि कोणती नंतरची, यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षे वाद घातला. २०११ साली एका ग्रंथातून अधिकृत कालक्रम प्रसिद्ध झाला. एका कथेपासून काळाला तीन फाटे फुटतात, असे त्यात दाखविले होते. ते उत्तर सर्वांनाच रुचले असे नाही; परंतु उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी शंका नव्हती. आणि तर्क चुकला म्हणून कोणाचे काही बिघडलेही नाही. एंडरमॅनचे कूळ चुकीचे सांगितले म्हणून त्याच्या घरी कोणी रडत बसले नाही.

खेळाच्या जगातसुद्धा तर्क आणि खोटेपणा यांतली रेषा मात्र पुसली जात नाही. २०१० च्या सुमारास ‘हेरोब्राइन’ नावाच्या, पांढऱ्या डोळ्यांच्या एका भुताची आवई उठली. ते माइनक्राफ्टमध्ये हिंडते, ते निर्मात्याचा मृत भाऊ आहे, असे सांगितले गेले आणि बनावट चित्रे पुरावा म्हणून पुढे आली. असे पात्र खेळात कधीच नव्हते, हे निर्मात्यांनी स्पष्ट केले. पुढे त्यांनीच गमतीने, ‘हेरोब्राइनला काढून टाकले’ अशी ओळ बदलांच्या यादीत घालण्यास सुरुवात केली आणि आवईला उलट जोरच चढला. येथे पहिली खूण सापडते. ‘असे असेल का?’ हा तर्क झाला. ‘मी पाहिले’ ही साक्ष झाली. तर्क चुकला तरी तो निर्दोष असू शकतो. न पाहिलेले पाहिले म्हणून सांगणारी साक्ष कोणत्याही जगात निर्दोष नसते.

आता खेळातून बाहेर येऊन कोकणच्या जमिनीवर पाय ठेवू. वेळणेश्वर ज्या जिल्ह्यात आहे, त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर, जांभ्या दगडाच्या उघड्या कातळावर, कोणा अज्ञात माणसांनी कोरलेली शेकडो चित्रे आहेत. त्यांना आता सर्वजण कातळशिल्पे म्हणतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारीत, त्यांतील अनेकांचा शोध लावला. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे सुमारे १८ मीटर लांबीची एक हत्तीची आकृती आहे आणि तिच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभी असलेली मानवाकृती आहे. आज कोकणात नसलेला गेंडाही या चित्रांत आढळतो. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत या चित्रांची नऊ ठिकाणे समाविष्ट झाली: सात रत्नागिरी जिल्ह्यातील, एक सिंधुदुर्गातील कुडोपी आणि एक गोव्यातील फणसामळ.

मुलांच्या खेळातील देवळांसारखीच ही परिस्थिती नव्हे काय? काम समोर आहे, कामगार नाहीसा झालेला आहे आणि शेजारी एक अक्षरही लिहिलेले नाही. तेव्हा तर्कांना ऊत आला नसता तरच नवल. कोकणात कोणत्याही गूढ बांधकामाचे श्रेय पांडवांना देण्याची रीत जुनी आहे. वाघांमधील माणसासारखी आकृती सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आणि मेसोपोटेमियाच्या कलेतही आढळते म्हणून समुद्रापलीकडच्या संबंधाची कल्पना मांडली जाते. काही उत्साही मंडळी तर थेट परग्रहावरील पाहुण्यांपर्यंत जातात. अभ्यासक मात्र सावकाश चालतात. ते चित्राची मापे घेतात, आसपास दगडी हत्यारे सापडतात का पाहतात, कोणता प्राणी कोणत्या काळी येथे असू शकेल याचा विचार करतात. आणि चित्रे नेमकी किती हजार वर्षांपूर्वीची, याचे अखेरचे उत्तर अजून ठरलेले नाही, हे मोकळेपणाने सांगतात.

परग्रहवासीयांच्या तर्कात गंमत असली तरी त्यात एक अन्यायही आहे, तो सहसा लक्षात येत नाही. ‘एवढे मोठे काम येथल्या रानटी माणसांना जमणे शक्य नाही’ हे त्या तर्काचे न बोललेले पहिले वाक्य असते. उन्हात कातळावर गुडघे टेकून ज्याने हत्तीची रेषा ओढली, त्याच्या हातून त्याचेच काम आपण काढून घेतो. तो मेलेला आहे. तो तक्रार करू शकत नाही. परंतु आपण ख्रिस्ती लोक मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो, नोव्हेंबर महिना त्यांच्या स्मरणात घालवितो. मृतांनाही आपल्याकडून काही देणे लागते, हे आपल्या श्रद्धेत गृहीत आहे. त्या देण्यात सत्यही मोडत नाही काय?

माणसांच्या कुळांविषयी तर्क सुरू झाले की प्रश्न याहून तीव्र होतो. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटविला आणि कोकणची भूमी निर्माण केली, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चिपळूणजवळ परशुरामाचे प्रसिद्ध देवस्थानही आहे. ही कथा स्कंदपुराणाचा भाग समजल्या जाणाऱ्या ‘सह्याद्रिखंडा’त येते. या संस्कृत ग्रंथाची हस्तलिखिते ताडून तो १८७७ साली मुंबईत छापून प्रसिद्ध करणारे संपादक गोव्याचे एक कॅथलिक डॉक्टर होते, डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा, ही गोष्ट आपल्या वाचकांना अभिमानास्पद वाटेल. दुसऱ्याच्या परंपरेतील ग्रंथ आदराने आणि पाठभेदांसह छापणे हेही सत्याच्या सेवेचेच कार्य होय. त्याच ग्रंथात कोकणातील निरनिराळ्या समाजांच्या उत्पत्तीच्या कथा आहेत. एखाद्या समाजाचा जन्म त्यात गौरवाने, तर दुसऱ्याचा हेटाळणीने सांगितलेला आढळतो. अशी कथा वाचणाऱ्याला दोन पिढ्यांनंतरही बोचते. ज्याने ती रचली त्याला कदाचित केवळ एका भांडणात वरचढ ठरायचे असेल.

वेळणेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत. किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते परशुरामाने चितेवर पावन करून जिवंत केली आणि त्यांच्यापासून चित्पावनांचा वंश सुरू झाला, अशी त्यांच्याविषयीची प्रसिद्ध आख्यायिका आहे. उत्तरेकडे अलिबागजवळ नवगाव येथे बेने इस्राएल समाज आपल्या पूर्वजांची कथा सांगतो: गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे अपघात, दोन्हीकडे चौदा! एवढ्या आधारावर दोन्ही समाजांचे मूळ एकच, असे सांगणारे लोक भेटतात. कोणी घाऱ्या डोळ्यांवरून इराण गाठतात, कोणी ग्रीस. एंडरमॅनच्या फळासारखाच हा न्याय: दोन खुणा जुळल्या, म्हणजे कथा सिद्ध झाली. विखुरलेल्या गोष्टींत नसलेला संबंध दिसणे, याला जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्लाउस कॉनराड यांनी १९५८ साली ‘अपोफेनिया’ असे नाव दिले. त्यांनी ते रुग्णांच्या अभ्यासातून दिले होते. आज निरोगी माणसाच्या सवयीलाही ते लावले जाते. मन रिकामी जागा सहन करीत नाही, ते काहीतरी जोडतेच.

दुसऱ्यांविषयी बोलून झाले, आता आपल्या अंगणात पाहू. ‘आम्ही पोर्तुगीजांमुळे ख्रिस्ती झालेले नव्हे, आमचे पूर्वज प्रेषितांच्या काळापासूनचे ख्रिस्ती’ असे उत्तर कोकणातील आपल्या धर्मग्रामांत कधी ना कधी ऐकू येते. त्याला आधार काहीच नाही असे नाही. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस लिहितो की, अलेक्झांड्रियाचा पँटेनस ‘इंडिया’त गेला, तेव्हा तेथे त्याला संत बर्थलमयाने आणलेले मत्तयाचे शुभवर्तमान आढळले. सहाव्या शतकातील कॉसमस नावाचा व्यापारी ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे नमूद करतो. अनेक अभ्यासक ते आपले ठाण्याजवळचे कल्याण मानतात. १३२१ साली ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन संन्यासी रक्तसाक्षी झाले, तेव्हा तेथे काही नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबे राहत होती, याची नोंद आहे. या साऱ्या खुणा मोलाच्या आहेत. परंतु युसेबियसच्या काळी ‘इंडिया’ हा शब्द अरबस्तान किंवा इथिओपियाकडच्या प्रदेशालाही लावीत असत. आणि त्या कुटुंबांपासून १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर उभ्या राहिलेल्या धर्मग्रामांपर्यंत अखंड साखळी दाखविणारा पुरावा आपल्या हाती नाही. सुटे मणी आहेत. दोरा आपण आपल्या इच्छेचा ओवतो.

आणि ही इच्छा तरी कशाची? बाप्तिस्मा पहिल्या शतकातला असला म्हणजे तो सोळाव्या शतकातल्यापेक्षा अधिक पवित्र ठरतो काय? यार्देनकाठी योहान बाप्तिस्ता आपल्या श्रोत्यांना बजावतो की, अब्राहामाच्या वंशाची फुशारकी नको. देव या धोंड्यांपासूनही अब्राहामाला मुले देऊ शकतो. संत पौलही तिमथ्याला कल्पित कहाण्या आणि न संपणाऱ्या वंशावळ्या यांच्या नादी न लागण्याविषयी सावध करतो. गेल्या रविवारी बाप्तिस्मा झालेले बालक आणि प्रेषितांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य प्रभूच्या मेजापाशी एकाच पंक्तीला बसतात. हे ज्याला पटले, त्याला पूर्वज उसने आणण्याची गरज उरत नाही.

मग तर्क पारखावा कसा? याचे एक उत्तर ख्रिस्तसभेला फार लवकर शोधावे लागले. दुसऱ्या शतकात ज्ञेयवादी पंथांचे लोक असे सांगत की, जगाच्या उगमाची खरी कथा गुप्त आहे आणि ती मोजक्यांनाच ठाऊक आहे. त्यांतील व्हॅलेंटिनसच्या अनुयायांनी देवलोकात तीस दैवी तत्त्वांची एक गुंतागुंतीची वंशावळ कल्पिली होती. आणि प्रभू येशूने तिसाव्या वर्षाच्या सुमारास सेवाकार्य सुरू केले हा त्याचा पुरावा मानला होता! लीयाँचे बिशप संत आयरेनिअस यांनी इ. स. १८० च्या सुमारास या मतांचे खंडन केले. त्यांचा एक दृष्टान्त आजही उपयोगी पडतो. एका कुशल कारागिराने रत्नांचे तुकडे बसवून राजाचे चित्र तयार केले. दुसऱ्याने तेच तुकडे काढून, पुन्हा मांडून, त्यांतून कोल्ह्याचे चित्र केले, आणि तो म्हणू लागला, ‘हेच ते राजाचे चित्र, पाहा, रत्ने खरी आहेत की नाहीत?’ रत्ने खरी होती. मांडणी खोटी होती. तर्क फसवा असतो तो बहुधा असाच. त्यातील प्रत्येक खूण खरी असते, म्हणूनच तो पटतो. संत आयरेनिअस यांना पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले, ते या काळात समयोचितच म्हणावे लागेल.

या दृष्टान्तातून मिळणारी पहिली कसोटी ही की, तर्काने सगळे तुकडे वापरले आहेत की सोयीचे तेवढेच उचलले आहेत, हे पाहावे. दुसरी कसोटी अशी: काय आढळले असता हा तर्क सोडून देऊ, हे सांगण्याची तर्क करणाऱ्याची तयारी आहे काय? विरोधी पुरावा आला की ‘हेही त्यांनी मुद्दाम लपविले’ असे जो म्हणतो, तो शोध घेत नाही, तो आपल्या गुपिताचे रक्षण करतो. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची: या तर्कामुळे कोणाची मान उंच होते आणि कोणाची खाली जाते? जो तर्क नेहमी आपल्याच कुळाला राजवंशात किंवा प्रेषितांच्या मांडीवर नेऊन बसवितो, त्याच्याकडे आपणच अधिक संशयाने पाहिले पाहिजे.

या तिन्ही कसोट्या लावून उत्तर मिळाले नाही तर? तर ‘ठाऊक नाही’ म्हणावे. हे म्हणणे श्रद्धावंताला कमीपणाचे नाही. संत ऑगस्टीन यांच्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात, आकाश व पृथ्वी निर्माण करण्यापूर्वी देव काय करीत होता, हा प्रश्न येतो. कोणीतरी याचे गमतीने असे उत्तर दिले होते की, असले खोल प्रश्न विचारणाऱ्यांसाठी तो नरक तयार करीत होता. ऑगस्टीन म्हणतात, मी असे उत्तर देणार नाही. गंभीरपणे विचारणाऱ्याची थट्टा करण्यापेक्षा, जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेच मी म्हणेन. एवढे बोलून ते थांबत नाहीत. काळ म्हणजे काय, याचा ते पुढे अनेक पाने शोध घेतात. अज्ञान मान्य केल्याने त्यांचा शोध संपत नाही, तेथूनच तो प्रामाणिकपणे सुरू होतो.

विसाव्या शतकातही असा संयम एका धर्मगुरूने दाखविला. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताने मांडले आणि १९३१ साली सारे विश्व एका आद्य अणूपासून उलगडत गेले असावे, ही कल्पना पुढे ठेवली. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी आपल्या एका भाषणात या नव्या विज्ञानात निर्मितीच्या श्रद्धेला दुजोरा मिळत असल्याचे सूचित केले. फादर लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त हा पडताळणीला खुला असलेला सिद्धान्त आहे, श्रद्धेचा आधार त्यावर टाकू नये, अशी त्यांची भूमिका होती. १९५२ साली रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी तो धागा पुन्हा पुढे नेला नाही. विश्वाच्या उगमाविषयीचा तर्क, तोही आपल्या बाजूचा, तोही स्वतःचा. तरीसुद्धा त्याला त्याच्या पुराव्यापेक्षा एक पाऊलही पुढे जाऊ न देणे, याला मोठी नैतिक शक्ती लागते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. कल्पित जगाविषयी माणसाला मुक्त मोकळीक आहे. तेथे त्याने मनसोक्त तर्क करावेत. परंतु ज्या क्षणी आपण जिवंत किंवा मृत माणसांच्या उगमाविषयी बोलू लागतो, त्या क्षणी आपला तर्क साक्ष बनतो आणि खोट्या साक्षीला मनाई करणारी आठवी आज्ञा त्याला लागू होते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. हजारो वर्षांपूर्वीचा कातळावरचा शिल्पकारही शेजारीच आहे. पलीकडच्या आळीतील वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा मनुष्यही शेजारीच आहे. त्याचे मूळ काय, त्याचे पूर्वज कोण, ते कोठून ‘घुसले’, यांविषयीचे बेजबाबदार तर्क या देशात माणसाला घराबाहेर काढण्यासाठी वापरले जातात. एकेकाळी हे तर्क पोथीत राहत. आज ते एका बोटाच्या स्पर्शाने हजारो मोबाइलवर पोहोचतात, आणि पुष्कळदा ते पुढे पाठविणारे बोट आपलेच असते. खेळातील एंडरमॅनचे कूळ शोधणाऱ्या मुलापेक्षा ‘आलेला’ संदेश न वाचता पुढे ढकलणारा त्याचा बाप अधिक मोठा दोष करीत असतो.

म्हणून आपल्या घरातील मुलगा एखाद्या खेळाची ‘थिअरी’ सांगू लागला, तर त्याला थांबवू नये. उलट विचारावे: कशावरून? न जुळणारी खूण कोणती? तू चूक आहेस हे तुला कशाने पटेल? हे तीन प्रश्न ज्याला खेळात विचारायची सवय लागली, तो उद्या कोणत्याही भडक कहाणीपुढे सहजासहजी मान तुकविणार नाही. मग वेळणेश्वरच्या नावाची उपपत्ती असो, कातळशिल्पांचे गूढ असो वा आपल्याच धर्मग्रामाचा इतिहास असो, तो आदराने ऐकेल आणि तोलून बोलेल.

उगमाची कथा सांगावी कशी, याचा नमुनाही आपल्यापुढे आहे. संत मत्तयाचे शुभवर्तमान प्रभू येशूच्या वंशावळीने सुरू होते. ही वंशावळ आपण बहुधा कंटाळून ऐकतो. तिच्यात अब्राहाम आहे, दावीद राजा आहे. पण सासऱ्यापासून मुले झालेली तामार आहे, यरीहोची वेश्या राहाब आहे, परक्या मवाब देशातील रूथ आहे, आणि उरियाची बायको आहे. तिचा उल्लेख तिच्या नावाने न करता तिच्या मारल्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाने केलेला आहे, म्हणजे दाविदाचे पापही झाकलेले नाही. गौरवशाली मूळ कल्पून सांगणाऱ्याने ही चार नावे खचित वगळली असती. मत्तयाने ती ठेवली. देवाच्या पुत्राने देह धारण केला तो अशा घराण्यात, आणि त्याच्या साक्षीदाराला त्यातील एकही पान फाडावेसे वाटले नाही. येत्या नाताळच्या दिवसांत देवळात ती लांबलचक वंशावळ वाचली जाईल, तेव्हा ही चार नावे कान देऊन ऐकावीत.